बायजाबाईचं मडकं

मी एसटीत कंडक्टर होतो. नागपूर-रामटेक, सव्वीस वर्षं. या नोकरीत माणसाचा स्वभाव बिघडतो, हे मी आधीच कबूल करून टाकतो. लोक गाडीत काय काय घेऊन चढायचे म्हणता! कोंबड्या, सायकलीची चाकं, धानाची पोती. एकदा तर एका गृहस्थानं दरवाजाची अख्खी चौकट आणली आणि वर मलाच विचारतो, "ही उभी ठेवू का आडवी?" अशा लोकांशी गोड बोलणारा कंडक्टर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. तर सांगायचं असं की सामान दिसलं की माझं तोंड सुरू व्हायचं. घरी, लग्नात, स्टेशनावर, कुठंही. आणि हाताला तिकिटाच्या पंचची इतकी सवय की सुट्टीच्या दिवशीही एक जुना, बाद झालेला पंच माझ्या खिशात असायचा. ज्या वस्तूजवळ उभा राहीन तिच्यावर आपली टिकटिक चालू.

"ते टिकटिक बंद कर गा नत्थू, डोकं उठलं माहं," असं मला फक्त एकच माणूस म्हणू शकायचं. माझी मोठी बहीण बायजाबाई. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो.

बाई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हा मला नाक पुसायला तिनंच शिकवलं. पाचपावलीत तिचं सासर. नवरा रुपराव गिरणीत होता, माणूस देवमाणूस, पण छाती कमजोर. मुलगी प्रेमलता चार वर्षांची असताना गेला. लोक म्हणाले, बाई आता भावाकडे येईल. बाई कुठची येते! तिनं अंगणात चूल मांडली, चुलीवर मडकं उलटं घातलं आणि रोट्या सुरू केल्या.

आमच्याकडची लंबी रोटी ज्यानं पाहिली नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं. या बाप्पा, करून दाखवा! गव्हाचं पीठ फडक्यातून चाळायचं, सैल भिजवायचं, आपटून आपटून त्याला असं करायचं की ते हातातून वाहिलं पाहिजे पण सांडलं नाही पाहिजे. मग गोळा या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत लांबवत न्यायचा आणि झपकन तापल्या मडक्यावर सोडायचा. एक श्वास घ्याल तेवढ्यात रोटी तयार. धुतलेल्या धोतरासारखी घडी घालून ठेवायची. बाईच्या हातची रोटी उजेडात धरली की पलीकडचा माणूस दिसायचा. लग्न असो, बारसं असो, जयंतीचं जेवण असो, बायजाबाईला निरोप गेलाच. छप्पन साली दसऱ्याला खेड्यापाड्यांतून आलेले पाहुणे आमच्या वस्तीत उतरले होते, त्यांच्यासाठी तिनं आदल्या दिवसापर्यंत रोट्या टाकल्या आणि त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून सगळ्यांसोबत दीक्षा घ्यायला मैदानावर गेली. "तेव्हापासून माहे हात दुखत नाहीत," असं ती म्हणायची. दुखायचे, मला माहीत आहे. पण म्हणायची.

या रोट्यांवर प्रेमलता शिकली. नर्स झाली, आणि नर्स होऊन बसली नाही, थेट विलायतेला गेली. बर्मिंगहॅम नावाचं गाव. तिथंच भंडाऱ्याकडच्या एका चांगल्या मुलाशी लग्न केलं. मग चौऱ्याहत्तर सालच्या आरंभी तिचं पत्र आलं. जूनमध्ये बाळ होणार आहे, आई, तू ये. नुसती बाळंतपणाला नको, कायमची ये. कागदपत्रं आम्ही वर्षभर खटपट करून तयार ठेवली आहेत.

मी पत्र वाचून दाखवलं. बाई परातीत पीठ आपटत होती. तिनं एकदम हात थांबवला आणि म्हणाली, "मी नाही जात."

"काहून वं बाई? पोरगी बोलावून राहिली तुले."

"तिथं जाऊन मी करू काय? बसून खाऊ? जावई कामावर, पोरगी कामावर, अन् मी खुर्चीत बसून खिडकीतून बर्फ पाहू? मले नाही जमत."

महिनाभर हेच. वस्तीतल्या बायका येऊन समजावून गेल्या. मी रागावलो, हात जोडले, पुन्हा रागावलो. शेवटी एके दिवशी तीच म्हणाली, "माहं मडकं संगं येत असन तर मी जाईन. तिथं पोरीले माह्या हातची रोटी करून घालीन. मडकं नाही तर मी बी नाही. समजलं?"

हे मडकं म्हणजे कन्हानच्या धोंडबा कुंभाराचं. पसरट पोटाचं, बूड पातळ, पण आचेला असं मुरलेलं की पाच वर्षं एक तडा नाही. दुसऱ्या बायकांची मडकी वर्षभरात जायची. धोंडबा मागच्याच पावसाळ्यात वारला होता, म्हणजे तसं दुसरं मिळायची सोय नव्हती. मी म्हटलं, बाई, विमानात मडकं! लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोकाइले मी कदी रोटी खाऊ घातली नाही का? म्हणू दे."

झालं. एप्रिलच्या उन्हात आम्ही सीताबर्डीला लोकरीचा कोट घ्यायला गेलो. दुकानदार भैय्याजी पंख्याखाली शर्टाची बटणं उघडून बसला होता. कोट म्हटल्यावर तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मला ऊन लागलं असावं. माळ्यावरून गाठोडं काढलं, धूळ झटकली, आणि बाईनं त्या रणरणत्या दुपारी नऊवारीवर कोट घालून आरशासमोर उभं राहून पाहिलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण चेहरा असा खूश! मला म्हणते, "कशी दिसतो मी?" म्हटलं, पोलीस दिसतेस. भैय्याजी इतका हसला की त्यानं आम्हाला आग्रहानं लिंबूसरबत पाजलं.

विमान दिल्लीहून होतं. दिल्लीत आमच्या मावशीचा मुलगा चंपतराव सरकारी कचेरीत शिपाई होता, त्याच्या क्वार्टरवर दोन दिवस मुक्काम करायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विमान. सोबतीला मी. जी.टी. एक्सप्रेसला सोडायला अर्धी पाचपावली आली होती. हार झाले, रडणं झालं, आणि मग ते मडकं आलं. गोधडीच्या चिंध्यांत गुंडाळलेलं, वर तागाची थैली, थैलीला दोन कान. बाईनं ते माझ्या हातात दिलं आणि माझं तोंड सुरू झालं.

काय काय बोललो असेन मी त्या मडक्याला! डब्यात चढताना दाराला लागू नये म्हणून मी आडवा चढलो, तेव्हा बोललो. सीटखाली मावेना, म्हणून पायांमध्ये घेऊन बसलो, तेव्हा बोललो. "हे मडकं आहे का जावई? याले खिडकीची जागा पाहिजे, याले धक्का नको, याले पाय लावाचा नाही! अठरा वर्षांत असं सामान मी माह्या गाडीत चढू दिलं नाही. उतरवलं असतं कामठीलेच!" समोरचे भोपाळचे एक वयस्क गृहस्थ विचारायला लागले, "इसमें क्या है भाईसाहब, गंगाजल?" म्हटलं, "नहीं साहब, मेरी मुसीबत है." बाई पदर तोंडाला लावून हसत होती. इटारसी गेली, झाशी गेली, माझं चालूच. मडकं मात्र शाबूत दिल्लीला पोचलं.

चंपतराव आणि त्याची बायको सिंधूताई, दोघंही साधी, अगत्याची माणसं. एका खोलीचं क्वार्टर, मागं एवढंसं अंगण. सिंधूताईनं झुणका-भाकर करून ठेवली होती, दिल्लीत राहून तिची जीभ वऱ्हाडीच राहिली होती. पहिला दिवस कागदांवर शिक्के मारून घेण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाली, "मले ते संसदेचं घर पाहू द्या. बाहेरून का असेना. आपल्या बाबासाहेबाइनं तिथं बसून आपल्यासाठी लिहिलं, ते पाहिल्याशिवाय मी देश सोडत नाही." सिंधूताई तिला घेऊन बसनं गेली. मी घरी राहिलो.

माणसानं रिकामं बसू नये. मी बसलो, आणि माझी नजर त्या थैलीवर गेली. मनात आलं, बाईनं बांधलंय खरं, पण हे काही बांधणं नाही. विमानात हे लोक सामान कसं फेकतात कुणास ठाऊक. सामान बांधणं म्हणजे काय, हे मला विचारा! अठरा वर्षं टपावर चढवलंय मी. मी गाठी सोडल्या, चिंध्या काढल्या आणि मडकं मांडीवर घेतलं. म्हटलं, प्रवासात कुठं बारीक तडा तर गेला नाही ना, वाजवून पाहू. मडकं घेताना आपण वाजवून पाहतोच. बोटानं वाजवलं. खणखणीत. झकास.

इथंच थांबायचं होतं. पण माझा उजवा हात खिशात गेला, पंच बाहेर आला आणि माझ्या ध्यानीमनी नसताना त्यानं आपलं काम केलं. टिक, टिक, टक्.

तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. काठापासून बुडापर्यंत एक रेघ गेली आणि एवढा मोठा तुकडा माझ्या मांडीत आला. मी तो परत जागेवर बसवून पाहिला, तो पुन्हा मांडीत पडला.

चंपतराव जेवायला घरी आला तो दारातच थबकला. "अरे बापरे! आता?"

"आता काय! बाईले समजलं तर ती आजच्याच गाडीनं वापस जाते. तिनं सांगूनच ठेवलं आहे. पोरीचे दिवस भरत आले, वर्षभर खटपट करून कागद केले, अन् मी, मामा असून..."

"सांगून टाक गा. सख्खी बहीण आहे."

"नाही सांगत. ती पोरीकडे गेलीच पाहिजे."

आम्ही दोघं धावत निघालो. उन्हाळा असल्यानं रस्त्याच्या कडेला कुंभार बसलेच होते. सुरया, घागरी, रांजण. मी धोंडबाच्या मडक्याजवळ जाणारं, त्यातल्या त्यात पसरट एक निवडलं. कुंभार म्हणाला, "पानी के लिए ही है ना? आँच पर मत रखना, टूट जाएगा." मी मान डोलावली आणि पाण्यासाठीच म्हणून सांगितलं. घरी आणून सिंधूताईच्या शेगडीवर ओला कोळसा आणि कागद जाळून धुरावर ते काळं केलं, वर मोहरीचं तेल चोळलं, पुन्हा धूर दिला. चंपतरावानं कचेरीत अर्ध्या दिवसाची दांडी मारली. बायका घरी यायच्या आत मडकं चिंध्यांत, चिंध्या थैलीत, सगळं जिथल्या तिथं. जुन्याचे तुकडे मी वर्तमानपत्रात बांधून माझ्या पेटीत, शर्टांखाली लपवले. फेकवले नाहीत.

बाई आली ती आनंदानं फुललेली. "एवढं मोठं आहे गा नत्थू ते! गोल! खांबच खांब! शिपायानं आत जाऊ नाही दिलं, पण मी बाहेरूनच हात जोडले." मी मान डोलावत हाव हाव म्हणत होतो.

सकाळी पालम विमानतळाकडे निघालो. टॅक्सीत चंपतराव पुढं, मी आणि बाई मागं, थैली माझ्या मांडीवर. बाईनं कोट अंगात घातला होता, म्हणे पेटीत चुरगळेल. दिल्लीचे रस्ते रुंद, सकाळची वेळ, हवा बरी होती. कुणीच फार बोलत नव्हतं. बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काहून गा, चूप काहून बसला?"

"काही नाही वं. असंच."

ती बाहेर बघायला लागली.

विमानतळावर आत फक्त जाणाऱ्याला सोडत होते. मी थैली तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही कान धरले, थोडी वर उचलली, छातीशी घेतली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. "नीट राह्य. लोकाइवर ओरडत नको जाऊ सारखा," म्हणाली, आणि वळली. लोकरीचा कोट, खाली हिरवी नऊवारी, छातीशी मडकं. ती आत जाईपर्यंत मी पाहिलं आणि मग चंपतरावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो बिचारा समजला, बहीण गेली म्हणून रडतोय. तेही होतंच.

जूनमध्ये तार आली, मुलगी झाली, दोघी खुशाल. पाठोपाठ पत्र. बाईनं सांगितलेलं, प्रेमलतानं लिहिलेलं. बाळाचं वजन, तिथला पाऊस, शेजारची गोरी म्हातारी, सगळं होतं. मडक्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढच्या पत्रात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. 'आईच्या रोट्या खायला रविवारी आपली माणसं येतात' एवढं एकदा आलं. मी तर चक्रावलोच. त्या पाण्याच्या मडक्यावर? फुटलं नाही? का फुटलं, हात भाजला, आणि मला कळवत नाहीत? विचारावं तर कोणत्या तोंडानं? पाच वर्षं हा काटा घेऊन मी रामटेकच्या फेऱ्या मारल्या. आमच्या मंडळी म्हणायच्या, बहीण गेल्यापासून तुमचा आवाज खाली आला. प्रवासी खूश होते म्हणा.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात बाई दोन महिन्यांसाठी आली. तोच कोट, पायात कापडी बूट, आणि तब्येत अशी सुधारलेली की वस्तीतल्या बायका तिच्या गालांकडे बघत राहिल्या. नातीचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. तिच्याच जुन्या अंगणात आम्ही दोघं उन्हाला बसलो, आणि मला आणखी सहन होईना. मी माझ्या घरी जाऊन ते वर्तमानपत्राचं गाठोडं आणलं आणि तिच्यासमोर सोडलं.

तिनं एक तुकडा उचलला, अंगठ्यानं पुसला. "फेकले नाहीस?"

"कसे फेकू वं बाई? मी फोडलं. दिल्लीले. या पंचनं." आणि मी सगळं सांगितलं. कुंभार, धूर, तेल, सगळं.

ती ऐकत होती आणि तिच्या ओठांवर हसू येत होतं. "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"मडकं फुटलं ते. त्याच दिवशी, टॅक्सीत."

"कसं? तू तर थैली उघडून बी पाहिली नव्हती!"

"अरे, नागपूरपासून दिल्लीपर्यंत तू त्या मडक्याले शिव्या देत आला. इटारसीले दिल्या, झाशीले दिल्या. अन् त्या दिवशी सकाळी मांडीवर घेऊन बसला तर एक शिवी नाही! म्हटलं, गेलं मडकं."

"मग बोलली काहून नाही?"

बाईनं तुकडा परत गाठोड्यात ठेवला.

"भेव वाटून राहिलं होतं गा मले. विमानाचं, त्या देशाचं, साऱ्याचं. पाय मागं येऊन राहिले होते. तू एक शब्द बोलला असता ना, की बाई, मडकं फुटलं, तर मी तिथूनच वापस आली असती. मले कारणच पाहिजे होतं. अन् मग पोरगी तिथं एकटी बाळंत झाली असती. म्हणून मी इचारलंच नाही. तू सांगत नव्हता, बरंच करत होता. मी मनातल्या मनात म्हणत होती, नको सांगू बाप्पा, विमान सुटेपर्यंत नको सांगू."

पाच वर्षं! पाच वर्षं मी झुरत होतो, आणि ही माझे आभार मानत बसली होती. मला राग आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, सगळं एकदमच.

"अन् रोट्या? त्या रविवारच्या?"

"प्रेमलतेची लोखंडाची कढई उलटी घातली गॅसवर. चार दिवस रोट्या फाटल्या. पाचव्या दिवशी जमली. जावई दहा खातात."

"अन् दिल्लीचं मडकं?"

"आहे न. त्याच्यात कांदे ठेवतो आम्ही. चांगलं आहे. तूच धुरावर धरलं होतं, तर वास अजून येते त्याले."

जायच्या आठवड्यात बाई मला घेऊन कन्हानला गेली. धोंडबाचा मुलगा दादाजी आता चाक फिरवत होता. तिनं बुडाची जाडी, पोटाचा घेर सगळं बोटांनी दाखवून मडकं करवून घेतलं. "कढईवर होते गा रोटी," म्हणाली, "पण मातीची चव लोखंडाले नाही." पुन्हा चिंध्या, पुन्हा तागाची थैली.

जी.टी.च्या वेळेला आम्ही स्टेशनावर पोचलो. या खेपेला दिल्लीपर्यंत चंपतरावाची मुलगी सोबत होती, मी फक्त पोचवायला. पंच मी घरीच ठेवला होता, मुद्दाम. पुलाच्या पायऱ्या चढताना मी थैली दोन्ही हातांनी धरून अगदी जपून, मुकाट्यानं चाललो होतो. बाई मागून येत होती. मध्येच ती थांबली.

"नत्थू."

"हं?"

"शिव्या दे गा."

मी वळून पाहिलं. ती पायरीवर उभी, कोटाची बटणं लावलेली, चेहऱ्यावर हसू आणि डोळे मात्र माझ्यावर रोखलेले.

"शिव्या दे त्याले. म्हणजे मले समजन, मडकं शाबूत आहे."

मग काय! मी तिथूनच सुरुवात केली. "हे मडकं आहे का जावई! याच्यासाठी माणसानं पूल चढाचा! कामठीले उतरवलं असतं याले!" हमाल बघायला लागले, लोक बाजूला झाले. पायऱ्या चढून, पुलावरून, पायऱ्या उतरून, तिच्या डब्याच्या दारापर्यंत मी मोठमोठ्यानं शिव्या देत गेलो, आणि माझी बहीण माझ्यामागून निश्चिंत चालत आली.